‘सीबीएसई पॅटर्न’ची पाटी आणि तिसरीत जाणारी मुलगी : एका शाळा-निवडीचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्याच्या औसा भागातल्या एका कुटुंबाचं आहे. गाव, शाळा, माणसं ओळखू येतील असा तपशील गाळलाय, एक-दोन गोष्टी बदलल्यात. तसं हे कुटुंब मराठवाड्यात कुठंही सापडेल. साडेतीन एकर कोरडवाहू, खरिपाला सोयाबीन आणि तूर, वडिलांचं तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान, आई दहावी पास, घरात आजी. मुलगी मोठी, तिच्या पाठीवर मुलगा. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात मुलगी दुसरीत होती.

वाचणाऱ्याने एक धरून चालावं : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केलेला माणूस आहे. माझं झुकतं माप कुठल्या बाजूला असेल हे सांगायला नको. म्हणूनच या प्रकरणात मी माझ्या मतापेक्षा वह्या, पावत्या आणि नोंदी जास्त बघितल्या.

विचारायला आले तेव्हा

मुलगी ज्युनिअर केजीपासून तालुक्याच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत जात होती. शाळेच्या कमानीवर ‘सीबीएसई पॅटर्न’ असं शाळेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. व्हॅन गावात येते, चुलत्याची दोन पोरं त्याच व्हॅनमध्ये बसतात. मार्च २०२५ च्या शेवटी शाळेनं फी वाढल्याची चिठ्ठी वहीत चिकटवून पाठवली आणि वडिलांच्या डोक्यात आलं की एवढे पैसे घालायचेच तर लातूरला का घालू नयेत.

त्यांचा हिशेब सरळ होता. पोरीला डॉक्टर करायचं. ‘नीट’ ही डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा एनसीईआरटीच्या पुस्तकांवर निघते. एनसीईआरटी म्हणजे सीबीएसई. तेव्हा लवकरात लवकर लातुरातल्या पक्क्या सीबीएसई शाळेत टाकायचं. “सर, लातुरातली एक चांगली शाळा सांगा. बाकी आम्ही बघून घेतो.”

लातुरात अकरावी-बारावीचा कुठला क्लास चांगला यावर चहाच्या टपरीवरसुद्धा ठाम मत मिळतं. पण पहिली-दुसरीला कोण चांगलं शिकवतं असं विचारलं की लोक इमारतीचं वर्णन करायला लागतात. या जिल्ह्यानं शिक्षणात नाव काढलं ते वरच्या मजल्यावर. खालचा मजला कसा बांधतात हे फारसं कुणी बघत नाही. आणि गंमत अशी की ‘लातूर पॅटर्न’ ज्या गुणवत्ता याद्यांमुळे गाजला त्या राज्य मंडळाच्याच होत्या. आज नीट मराठीतूनही देता येते. अकरावीला लातूरला येणारी कितीतरी पोरं दहावीपर्यंत गावच्या हायस्कुलात सेमी इंग्रजीत शिकलेली असतात. हे वडिलांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलीसाठी नीटचा वाद घालण्यात मलाही रस नव्हता. मुलीला आणि तिच्या दुसरीच्या सगळ्या वह्यांना घेऊन या, एवढंच म्हणालो.

लेकरू काय वाचतं

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलांचं वाचन तपासायची एक साधी रीत आहे. अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथं अडतं तिथं थांबायचं. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. यासाठी ना संगणक लागतो ना तज्ज्ञ. पालकांनी घरी करून बघण्यासारखी दुसरी चांगली गोष्ट मला माहीत नाही.

मुलीनं आधी तिचं इंग्रजी पुस्तक उघडलं आणि एक पान घडाघडा वाचलं. वडील खुशीत माझ्याकडे बघत होते. मग मी त्याच पानावर एका ओळीच्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि हा कुठला म्हणून विचारलं. ती गप्प. मग हळूच ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत आली, तोंडानं मोजत मोजत, आणि बोटाच्या एक शब्द पुढं जाऊन थांबली. पान तिला पाठ होतं, वाचता येत नव्हतं. न शिकवलेल्या धड्यातले तीन अक्षरी इंग्रजी शब्द दाखवले तर पाचातला एक आला. मराठीत अक्षरं सगळी आली, साधे शब्द आले, पण काना-मात्रा-वेलांटी असलेल्या शब्दांवर गाडी अडली. उतारा झाला नाही.

वजाबाकीत ४२ वजा १७ दिलं. तिनं ३५ लिहिलं. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा काढला : चारातून एक तीन, सातातून दोन पाच. ही चूक फार कामाची असते, कारण मूल काय समजून बसलंय ते ती अगदी स्पष्ट सांगते. मग आईनं तिला विचारलं, “तुझ्याजवळ बेचाळीस रुपये हाईत, सतराचा बिस्किट पुडा घेतला, दुकानदार किती वापस देईल?” मुलगी थोडा वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पंचवीस.” डोकं चांगलं चालत होतं. कागदावरचं गणित आणि डोक्यातलं गणित यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

वह्या सुबक होत्या. हस्ताक्षर रेखीव, प्रत्येक पानावर लाल टिक, मधूनमधून चांदणीचं स्टिकर. पण ‘माय फॅमिली’वरच्या निबंधात आजोबा बागेत फिरायला जातात असं लिहिलं होतं. या मुलीला आजोबा नाहीत, आणि त्या गावात बागही नाही. फळ्यावरून उतरवलेलं वाक्य. जिथं उतरवताना एक शब्द सुटला होता तिथंही लाल टिक होतीच. शाळा बघायला जाल तेव्हा एकाच वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून बघा. पाचही निबंध शब्दशः एक असतील तर त्या वर्गात लिहिणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे शिक्षक. आणि चुकीच्या उत्तराशेजारी शिक्षकानं काय केलंय ते बघा. फुली मारून सोडलंय, बरोबर उत्तर लिहून दिलंय, की मुलाकडून पुन्हा करून घेतलंय? शाळेबद्दल माहितीपत्रक जे सांगणार नाही ते इथं दिसतं.

त्या शाळेतल्या बाईंना यात दोष देणं मला जमत नाही. त्या स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजी पुस्तक मराठीत समजावून सांगणाऱ्या, तुटपुंज्या पगारावर पन्नासभर पोरं सांभाळणाऱ्या. त्या वर्षात या वर्गाला त्या दुसऱ्या बाई होत्या. पहिल्या बाई दिवाळीनंतर सोडून गेल्या होत्या.

आईनं या सगळ्यात एकच गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते तीच या प्रकरणाचं मूळ आहे. पहिलीपर्यंत ती मुलीचा अभ्यास घ्यायची. दुसरीत ईव्हीएसची, म्हणजे परिसर अभ्यासाची, प्रश्नोत्तरं इंग्रजीत आली आणि तिला ते जमेना. मग गल्लीतल्या एका मुलीकडे महिना पाचशेची शिकवणी लावली. “मला काई येतच न्हाई असं तिला वाटायलं आता. दप्तर मला दावतच न्हाई.” दहावी शिकलेली आई म्हणजे घरात बसलेली एक फुकटची, मन लावून शिकवणारी शिक्षिका. माध्यम बदललं आणि ती एका वर्षात बाद झाली. शाळेच्या फीमध्ये ही किंमत कुणी धरत नाही.

मातृभाषेतून शिकवावं हे धोरणात आहेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण असं म्हटलंय, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात निदान पाचवीपर्यंत तरी असं म्हटलंय. पण धोरणाचं नाव काढून कुठल्या बापाचं मत बदललेलं मी पाहिलं नाही. दप्तर दाखवत नाही हे वाक्य ऐकून मात्र हे वडील खाली बघायला लागले.

पाटीवरचं आणि नोंदीतलं

आता शाळेकडे. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. तो टाकला की शाळेचं व्यवस्थापन, माध्यम, इयत्ता, मुलांची आणि शिक्षकांची संख्या मोबाइलवर दिसते. सीबीएसईशी संलग्न शाळेला मंडळाचा संलग्नता क्रमांक असतो, तो मंडळाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. शिवाय अशा शाळेनं स्वतःच्या संकेतस्थळावर मान्यतेची कागदपत्रं, फी आणि शिक्षकांची माहिती जाहीर ठेवावी असा मंडळाचा नियम आहे.

या शाळेचा यू-डायस क्रमांक निघाला. शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणारी, आणि राज्य मंडळाची. संलग्नता क्रमांक निघाला नाही, कारण संलग्नता नव्हतीच. पुस्तकं एका खाजगी प्रकाशनाची. शाळा बेकायदा नव्हती, मान्यता नीट होती. विनामान्यता शाळा चालवली तर कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतर रोजचे दहा हजारांपर्यंत, तो भाग इथं लागू नव्हता. फक्त कमानीवरच्या दोन शब्दांमागे काही नव्हतं. वडील दुकानदार माणूस. म्हणाले, “म्हणजे वाइंडिंग ॲल्युमिनियमचं अन् बिल तांब्याचं.”

त्यातच त्याच मार्चमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी विधिमंडळात सांगितलं होतं की राज्याच्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येणार, सुरुवात २०२५-२६ ला पहिलीपासून. गावात त्याचा अर्थ ‘आता सगळ्याच शाळा सीबीएसई होणार’ असा पसरला होता. तसं नाही. मंडळ राज्याचंच राहतं, दहावीचं प्रमाणपत्र राज्य मंडळाचंच. पण या बातमीनं एक भलं झालं. ‘पॅटर्न’साठी वेगळे पैसे मोजायची वडिलांची उमेद थोडी उतरली.

पैशाचा हिशेब आईनं वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. फी १८,५००, व्हॅनचे दहा महिन्यांचे ७,५००, पुस्तकं-गणवेश-बूट ४,२००, शिकवणी ५,०००. बेरीज ३५,२००. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण मोंढ्यात त्यांच्या मालाला पडला ४,१०० चा भाव. म्हणजे साडेआठ क्विंटल. त्यांच्या जमिनीत एवढा उतारा एकराला चांगल्या सालात येतो. एका मुलीची दुसरी एका एकराचं पीक खाऊन गेली होती, खत-बियाणं-फवारणी वेगळी. वाढीव फी यात धरलेली नाही. फी वाढवायचा प्रस्ताव व्यवस्थापनानं पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात तसं स्पष्ट आहे. या शाळेत अशी समिती आहे का, हे विचारणारा एकही पालक आईला माहीत नव्हता. तिनं स्वतः विचारलं तेव्हा ‘ऑफिसात या’ एवढं उत्तर मिळालं.

चार शाळा

पर्याय चार होते. आहे तीच शाळा, लातूरची संलग्न सीबीएसई शाळा, गावातली जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, आणि दोन किलोमीटरच्या आत शेजारच्या गावची सातवीपर्यंतची केंद्रशाळा, म्हणजे परिसरातल्या जिल्हा परिषद शाळांची मुख्य शाळा.

लातूरची शाळा खरोखर संलग्न होती आणि वाईटही नव्हती. तिथं आई-वडिलांसकट मुलीला ‘इंटरॅक्शन’ला बोलावलं. वडील लग्नातला शर्ट घालून गेले होते. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं मनाई आहे, पहिल्या वेळेला २५,००० पर्यंत दंड आहे. पण दंड व्हावा म्हणून कुणी तक्रार करत नाही, कारण ज्यानं तक्रार करायची त्यालाच प्रवेश हवा असतो. नकार शाळेकडून आला नाही. तो बसच्या वेळेतून आला. सकाळी सव्वासहाला फाट्यावर उभं राहायचं, परत यायला साडेचार. सात वर्षांच्या मुलीला रोज अडीच तास बसमध्ये. आजी म्हणाली, “लेकरू हाय का कंडक्टर?” विषय तिथं मिटला. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के मोफत जागांबद्दल वडिलांनी विचारलं, पण ते प्रवेश फक्त शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात होतात, तिसरीला नाही.

गावातल्या शाळेत सत्तावीस मुलं आणि दोन शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचाच निकष आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण चार वर्ग दोघांत, आणि त्यातले एक सर बदलीच्या यादीत. ते गेले आणि जागा भरायला उशीर झाला तर सगळं एका माणसावर. दुसऱ्या सरांचा हात चांगला होता, पण ते सध्या मतदार याद्यांच्या कामात अर्धे अडकलेले. ही धोक्याची शाळा असं मी म्हटलं, आणि जिल्हा परिषदेचा माणूस असून म्हटलं.

केंद्रशाळेत आम्ही एप्रिलच्या सकाळच्या शाळेत गेलो. पहिल्यांदा वाईट दिसलं ते सांगतो. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती, हे आईनं बघितलं, मी बघितलं नव्हतं. मुख्याध्यापक पूर्ण वेळ फोनवर कुठली तरी माहिती भरत होते. भिंती रंगवलेल्या, चित्रं, पाढे, सुविचार, आणि पाहुण्याला आधी भिंतीच दाखवतात. रंगवलेल्या भिंतीवरून शाळा ठरवू नये. तो निधी कधी आला एवढंच त्यावरून कळतं.

दुसरीच्या बाई जूनमध्ये त्याच वर्गाबरोबर तिसरीला जाणार होत्या. त्यांच्या वर्गात मागं बसायची परवानगी मिळाली. बावीस मुलं. त्या दिवशीचं काम असं होतं : आठवडी बाजारात काय काय घेतलं ते लिहायचं, भाव लिहायचा आणि बेरीज करायची. मी चालत चालत वह्या बघितल्या. एकानं बैलाच्या घुंगरमाळा लिहिल्या होत्या, एकीनं भज्याचा गाडा आणि भज्याचा भाव चुकीच्या जागी. एकानं ‘आईनं काईच घेतलं नाई पैसे नवते’ असं लिहून खाली शून्य मांडलं होतं, बेरीज म्हणून. शुद्धलेखनाच्या नावानं बोंब होती. पण बावीस वह्यांत बावीस बाजार होते. एका मुलानं काहीच लिहिलं नव्हतं. बाई त्याच्या शेजारी खाली बसल्या, तो बोलला तसं त्याच्याच वहीत लिहिलं, मग त्यालाच ते वाचायला लावलं. सहा-सात मिनिटं गेली. तोवर बाकीची पोरं गोंधळ घालत होती आणि बाईंनी तो घालू दिला.

गणित सेमी होतं, संज्ञा इंग्रजीतून, समजावणं मराठीतून. इंग्रजी विषय तर राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. पण इथलं इंग्रजी कच्चं होतं, हे मी वडिलांना तिथंच सांगितलं. बाईंचे उच्चार बेतास बात, मुलांचं बोलणं दोन-चार ठरावीक वाक्यांपुरतं.

बाहेर आल्यावर वडिलांनी मला कोंडीत पकडलं. “सर, एक सांगा. ह्या बाईंची स्वतःची पोरं कुठं शिकत्यात?” त्यांनी चौकशी करून ठेवली होती. बाई लातूरहून जाऊन-येऊन करतात आणि त्यांची मुलं लातूरच्या इंग्रजी शाळेत आहेत. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पगारी शिक्षकालाच आपल्या शाळेवर भरवसा नसेल तर शेतकऱ्यानं का ठेवावा? मी एवढंच म्हणालो की बाईंची मुलं कुठं आहेत यापेक्षा तुमच्या मुलीशेजारी त्या सात मिनिटं बसतील का ते बघा. आत्ताच्या शाळेत तिच्याशेजारी शेवटचं कोण कधी बसलं, ते मुलीलाच विचारा. त्यांनी विचारलं नाही. आईनं विचारलं. मुलगी म्हणाली, “प्राची बसती ना माझ्या बेंचवर.”

निर्णय, आणि त्यातली मेख

मे महिन्यात ठरलं : मुलगी केंद्रशाळेत. वडील इतक्या लवकर तयार झाले की मला शंका आली. मी मुलाबद्दल विचारलं. तो त्याच इंग्रजी शाळेत नर्सरीत होता. ‘हुशार आहे’ म्हणून शाळेनं त्याला ज्युनिअर गाळून जूनपासून थेट सिनिअर केजीत घ्यायचं कबूल केलं होतं. वडील म्हणाले, “त्याचं राहू द्या तिथंच. एकाची फी वाचली की दुसऱ्याची निघती.”

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळांच्या वर्गांत बघा, कितीतरी घरांतली मुलगी इथं आणि तिचा भाऊ पिवळ्या बसमध्ये असतो. या घरात मी वह्या दाखवल्या, नोंदी दाखवल्या, वर्गात बसवलं, आणि माझा सगळा पुरावा शेवटी मुलीवरचा खर्च कमी करायला कामी आला. सल्ला मुलीच्या हिताचाच होता, त्यात मला शंका नाही. पण ज्या कारणासाठी तो घेतला गेला ते कारण मला मान्य नव्हतं, आणि ते मी घरात बसून, आजीसमोर बोललो. मुलीसाठी जे तपासलं तेच मुलासाठी तपासायला हवं. ती शाळा मुलीला वाचायला शिकवू शकली नसेल तर मुलाला कशी शिकवेल? वडिलांना राग आला. “पोरीचं वाईट करायलो का मी?” आजी काहीच बोलली नाही, आणि आजी गप्प बसणं हे त्या घरात मत दिल्यासारखंच होतं.

आईनं मात्र सौदा केला. मुलीची फी वाचेल त्यातले वर्षाला दहा हजार मुलीच्या नावानं पोस्टात टाकायचे, आणि मुलाची पहिली ठरवायच्या आधी त्याचंही असंच बोट ठेवून वाचन बघायचं. वडील ‘बघू’ म्हणाले. पोस्टातलं खातं मात्र जूनमध्येच उघडलं.

दाखल्याचा घोळ झाला. आधीच्या शाळेची ६,००० फी थकली होती आणि ती भरल्याशिवाय टीसी देणार नाही असं ऑफिसनं सांगितलं. थकलेली फी देणं लागतंच, ती बुडवा असं मी कधीच सांगत नाही. पण दाखला अडवून ठेवणं हा वसुलीचा मार्ग नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. केंद्रशाळेच्या त्याच फोनवाल्या मुख्याध्यापकांनी हे काम चोख केलं : मुलीला पहिल्या दिवसापासून वर्गात बसवलं, ऑनलाइन नोंदीची विनंती पाठवली, पाठपुरावा केला. वडिलांनी दोन हप्त्यांत पैसे भरले. दाखला पोळ्याच्या आसपास आला.

जूननंतर

पहिले दोन महिने वाईट गेले. मुलगी व्हॅनसाठी रडायची, चुलत भावंडं ‘खिचडीवाली’ म्हणून चिडवायची. बाईंनी तिला तिसरीत असून दोन महिने दुसरीच्या वाचनगटात बसवलं, तर वडील शाळेत भांडायला गेले. गणेशोत्सवापर्यंत काना-मात्रा सुटल्या. दप्तर आईकडे परत आलं, हे मला आईनं फोनवर सांगितलं, गुणांच्या आधी.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत त्यांचं सोयाबीन उभंच पाण्यात राहिलं. शेंगा काळ्या पडल्या, जे निघालं त्याला मोंढ्यात धड भाव नव्हता. दोघांची फी असती तर त्या वर्षी उचल घ्यावी लागली असती. एकाचीच होती तरी मुलाचा ऑक्टोबरचा हप्ता थकला.

दिवाळीनंतर मी पुन्हा तपासलं. मराठी गोष्ट सलग वाचली, मध्ये थांबून मला प्रश्न विचारत. हातच्याची वजाबाकी बरोबर, गठ्ठे-सुट्टे काढून. इंग्रजीत अक्षर जुळवून छोटे शब्द वाचते, पण ज्या कविता पूर्वी हावभावासकट म्हणायची त्या विसरली, आणि याचं वडिलांना अजून वाईट वाटतं. मला ते समजतं. पाहुण्यांपुढं पोरीनं इंग्रजी कविता म्हणणं ही त्यांच्या घामाची पावती होती.

आई शाळा व्यवस्थापन समितीवर गेली. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि बहुतेक ठिकाणी सह्या घरपोच आणून घेतल्या जातात. तिनं पहिल्या बैठकीत स्वच्छतागृहाची कडी हा विषय लिहून घ्यायला लावला. कडी बसली. त्याच बैठकीत पाण्याच्या टाकीचाही विषय होता. तो तसाच पडून आहे.

मुलाचं अजून ठरलेलं नाही. येत्या वर्षी त्याला पहिलीत २५ टक्क्यांच्या जागेतून बसवता येईल का, असं वडिलांनी विचारलं. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. उच्च न्यायालयानं तो बदल त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे दार उघडं आहे. कागद मात्र लागतात : एक लाखाच्या आतलं उत्पन्न, नाहीतर वंचित घटकाचं जात प्रमाणपत्र. आजोबांच्या नावावर कुणबी नोंद सापडते का याचा शोध भावकीत सुरूच आहे. फुकट जागा मिळाली तरी बोट ठेवून वाचायची अट राहील, असं आईनं मागून ओरडून सांगितलं.

फॉर्मची तयारी करताना जन्मदाखला बघितला तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. मुलगा फेब्रुवारी २०२१ चा आहे. २०२६ च्या डिसेंबरला त्याला दोन महिने कमी पडतात. ज्युनिअर गाळून पुढं ढकललेलं पोरगं आता सिनिअर केजी संपवून वर्षभर कुठं बसवायचं, हे शाळेनं सांगितलेलं नाही. “वर्ष वाया जाणार म्हणा की,” वडील म्हणाले. मी म्हणालो, गावातल्या अंगणवाडीत नाव घाला, संध्याकाळी बहिणीला त्याला गोष्ट वाचून दाखवू द्या, आणि पहिलीची शाळा २०२७ च्या जूनपर्यंत निवांत बघा. त्यांनी विचारलं, अंगणवाडीत व्हॅन येते का.